देणेकऱ्यावाचूनचे धन

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी चौरंगावर नाणी, लाह्या-बत्तासे आणि नवी केरसुणी यांच्या शेजारी लाल कापडात बांधलेली एक जुनी खतावणी आजही मांडली जाते. आजोबांच्या दुकानातली ती वही व्यवहाराच्या दृष्टीने केव्हाच निकामी झाली आहे, कारण तीत ज्यांच्या नावावर बाकी निघते ते गेले आणि ती बाकी मागणारेही गेले. तरी तिच्यावर हळदकुंकू वाहिल्यावाचून आमची पूजा पुरी होत नाही. गेल्या दिवाळीत आरती आटोपल्यावर माझा भाचा, जो व्यवसायाने अभियंता आणि स्वभावाने पाऊल जपून टाकणारा आहे, त्या वहीची पाने उलटीत बसला होता. मध्येच मान वर करून तो म्हणाला, "मामा, तुमच्या या वहीत प्रत्येक रकमेपुढे कोणीतरी माणूस उभा आहे. मी जे बिटकॉइन घेऊ म्हणतो त्याच्यापुढे कोणीच नाही. कोणाला नाडायचे नाही, कोणाच्या दारी वसुलीला जायचे नाही. मग धर्माच्या दृष्टीने हेच धन सगळ्यांत निर्मळ नव्हे का?"

भाव चढेल की उतरेल असे त्याने विचारले असते, तर मी हात जोडून मोकळा झालो असतो. त्या बाबतीत त्याला माझा सल्ला नकोच होता. गेले तरी घरची चूल थंड होणार नाही अशी पाच हजार रुपयांची मर्यादा त्याने आधीच आखून घेतली होती. परंतु ज्या धनाला देणेकरी नाही ते धन निर्दोष मानावे काय, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा असला तरी त्याचे मूळ फार खोल आहे, आणि त्याचे उत्तर त्या संध्याकाळी मला देता आले नाही.

ज्याला आपण पैसा म्हणतो तो बहुतांशी कोणीतरी दिलेल्या वचनाचा आकार असतो. हुंडी म्हणजे एका सराफाने दुसऱ्या गावच्या सराफाला दिलेला हुकूम, आणि दोघांची पत शाबूत असेतोवरच त्या कागदाला किंमत. आपल्या खिशातल्या नोटेवरही रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नराचे अभिवचन छापलेले असते. वचन देणारा चुकला म्हणजे काय होते, याचा दाखला देवगिरीला दौलताबाद करून तेथे राजधानी हलविणाऱ्या महंमद तुघलकाच्या कारकिर्दीत सापडतो. १३३० च्या सुमारास त्याने चांदीच्या टंक्याच्या मोलाने तांब्या-पितळेची नाणी चालविली. नकलेला आळा घालण्याची तजवीज नसल्यामुळे घरोघर टाकसाळी निघाल्याचे तत्कालीन इतिहासकार बरनी लिहितो, आणि अखेर सुलतानाला ती नाणी परत घेऊन आपल्या खजिन्यातली चांदी मोजून द्यावी लागली. वचनाच्या पैशाला असे दोन रोग जडतात: परक्याने केलेली नक्कल आणि खुद्द वचन देणाऱ्याने केलेला अतिरेक.

बिटकॉइन हा या दोन्ही रोगांवर काढलेला उतारा आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या नावाने, ज्यामागची व्यक्ती आजतागायत निश्चित ठरलेली नाही, एक लहानसा निबंध प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजी त्याबरहुकूम एक जमाखर्च सुरू झाला, ज्याची प्रत जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवली जाते. सुमारे दहा मिनिटांनी त्या वहीला एक पान जोडले जाते. पान जोडणाऱ्याला नवी नाणी मिळतात. ती आरंभी पानामागे ५० होती आणि साधारण चार वर्षांनी निम्मी होत होत एप्रिल २०२४ पासून ३.१२५ वर आली आहेत. आणि अशा रीतीने एकंदर नाणी २ कोटी १० लाखांच्या पलीकडे कधीही जावयाची नाहीत. त्या वहीच्या पहिल्याच पानात लंडनच्या ‘टाइम्स’मधला त्या दिवशीचा मथळा गोवलेला आहे, आणि तो बुडत्या बँकांना सरकारी खजिन्यातून दुसऱ्यांदा हात देण्याच्या बेताविषयी आहे. आपल्या वहीवर आपण ‘श्री’ काढतो. या वहीचा आरंभ एका तक्रारीने झाला आहे. वचन देणाऱ्यांवरचा विश्वास उडाला, म्हणून वचन देणाराच काढून टाकावा, ही तिची मूळ प्रतिज्ञा. भाच्याचे म्हणणे त्यामुळे अक्षरशः खरे होते.

तथापि देणेकरी नसला म्हणजे धन धर्म्य झाले असे आपल्या स्मृतिकारांनी कोठे म्हटलेले नाही. ते निराळ्या बाजूने विचार करतात: धन कोणत्या मार्गाने आले? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात वित्तागमाचे सात धर्म्य मार्ग सांगितले आहेत. दाय म्हणजे वारसा, लाभ म्हणजे निधी वगैरे सापडणे, क्रय म्हणजे खरेदी, जय म्हणजे रणात जिंकणे, प्रयोग म्हणजे व्याजाने लावणे, कर्मयोग म्हणजे कष्ट वा उद्यम, आणि सत्प्रतिग्रह म्हणजे योग्य दात्याकडून घेतलेले दान. कोणत्या वर्णाला कोणता मार्ग मोकळा, ही त्या ग्रंथातली वाटणी आज आपण त्याज्य मानतो आणि ते योग्यच आहे. परंतु मार्गावरून धनाची पारख करण्याची ती दृष्टी मात्र टाकून देण्याजोगी नाही.

बिटकॉइनकडे वळणाऱ्या नवशिक्याचा मार्ग अर्थातच क्रयाचा. हा मार्ग आपल्या देशात काही काळ अडलेला होता: एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्याचे फर्मान काढले, आणि ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्दबातल ठरविले. २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के प्राप्तिकर आहे, विक्रीच्या रकमेतून एक टक्का उगमाशीच कापला जातो, आणि या व्यवहारातला तोटा दुसऱ्या कोणत्याही उत्पन्नातून वजा घालता येत नाही. सरकार कर घेते त्याअर्थी हे सरकारमान्य चलन झाले, असा समज करून घेणारे पुष्कळ भेटतात; त्यांना कौटिल्याची आठवण द्यावीशी वाटते. कौटिल्याने द्यूताध्यक्ष नेमून जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच राजाकडे घेण्याची व्यवस्था लावली. एवढ्यावरून त्याने द्यूताला सदाचार ठरविले असे कोणी म्हणणार नाही. कर ही राजाची बाजू झाली. घेणाऱ्याच्या सदसद्विवेकाची बाजू त्याने उरकत नाही.

खरेदी न करता ही नाणी कमवावयाची म्हटले, तर विचाराला अधिक धार येते. आपल्या कामाचा मोबदला कोणी या नाण्यांत दिला, तर तो निःसंशय कर्मयोग. घाम आपला, नाणे कोणाचेही असो. ‘मायनिंग’ या नावाने चालणारे पाने जोडण्याचे कामही एका अर्थी कष्टच. पण ते कष्ट यंत्राचे आणि वीज साऱ्या जगाची, आणि एवढ्या आकडेमोडीतून त्या वहीच्या रक्षणापलीकडे काहीही निपजत नाही, हे मनात ठेवूनच त्याला उद्यम म्हणावे. इथेरियम या दुसऱ्या नाण्याने सप्टेंबर २०२२ मध्ये ही रीत सोडली. तेथे आता आपली नाणी तारण म्हणून अडकवून ठेवणाऱ्याला पान जोडण्याचा अधिकार आणि त्याचा मोबदला मिळतो, खोटे पान जोडले तर तारणाचा भाग जप्त होतो, आणि या साऱ्याला ‘स्टेकिंग’ म्हणतात. हे दिसते ‘प्रयोगा’सारखे, म्हणजे व्याजबट्ट्यासारखे, परंतु प्रयोगात मुद्दल वापरणारे एखादे कूळ असते, त्याचा बैल, त्याची पेरणी, त्याचे बाळंतपण असते. येथे कूळ नाही. नव्याने पाडलेली नाणी आणि व्यवहार करणाऱ्यांनी दिलेली फी, एवढ्यातूनच मोबदला निघतो.

निदान हा मोबदला कोठून येतो ते दाखवता येते. जेथे तेही दाखवता येत नाही, तेथे नवशिक्याने उंबरठ्यावरूनच मागे फिरावे. दरमहा दहा टक्के, तेही सलग अठरा महिने, असे आमिष दाखवून बिटकॉइन गोळा करणाऱ्या एका योजनेच्या सूत्रधारास २०१८ साली पुण्याच्या पोलिसांनी अटक केली, आणि तिच्यात पोळलेल्यांत शिकलेसवरलेले लोक थोडेथोडके नव्हते. व्याज देणारे कूळ दिसत नसताना व्याज मात्र वेळेवर येत असले, तर मागाहून आलेल्याचे मुद्दलच व्याज म्हणून वाटले जात आहे असे खुशाल समजावे.

मग ज्याने प्रामाणिकपणे घेतले आणि भाव वाढल्यावर प्रामाणिकपणे विकले, त्याचे काय? नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनला जवळपास ६९ हजार डॉलर पडत होते आणि वर्षभराने तेच सोळा हजारांच्या खाली उतरले. शिखरावर ज्याने विकले त्याचा नफा आकाशातून पडला नव्हता. शिखरावर ज्याने घेतले त्याच्या संसारातून तो आला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले अक्षसूक्त जुगाऱ्याला फासे टाकून शेत कसावयास सांगते, आणि त्यामागे माझ्या समजुतीने एवढाच विवेक आहे की शेतात पिकते ते नवे असते, पटावर जिंकले जाते ते समोरच्याचे असते. शेअर घेणाऱ्याच्या पाठीशी निदान एखादा कारखाना चालू असतो, म्हणून सगळेच सुखी होण्याचा संभव तरी असतो. ज्या नाण्यातून स्वतः काही पिकत नाही, त्यात एकाची मिळकत ही प्रायः मागाहून येणाऱ्याची भर असते. समोर कोणी नाही असे भाचा म्हणाला होता. समोर माणूस होताच. वहीत त्याच्या जागी अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक माळ लिहिलेली असल्यामुळे त्याचे तोंड तेवढे दिसत नव्हते. आजोबांना वसुलीला जाताना कुळाच्या अंगणातून जावे लागे, आणि घरात आजारी माणूस दिसले तर ते रिकाम्या हाती परत येत. येथे अंगणच नाही.

या ठिकाणी देहूच्या तुकोबांची कथा मनात आल्यावाचून राहत नाही. दुष्काळाने होरपळून, भामचंद्राच्या डोंगरावरून परतल्यावर, त्यांनी घराण्याच्या सावकारीची कर्जखते काढली, धाकटा भाऊ कान्होबा याचा निम्मा वाटा त्याच्या स्वाधीन केला आणि स्वतःच्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडून दिली, अशी परंपरा आहे. त्या एका कृतीने धनकोची आसक्ती आणि ऋणकोचा बोजा दोन्ही एकाच पाण्यात गेले. आता माझ्या भाच्याला उद्या असेच वैराग्य आले तर त्याने काय बुडवावे? त्याच्या नाण्यांची किल्ली म्हणजे बारा साध्या शब्दांची एक ओळ. तो कागद त्याने नदीत सोडला तर नाणी त्याला कायमची अंतरतील, परंतु वहीत ती जशीच्या तशी दिसत राहतील आणि त्यामुळे जगातला एकही माणूस ऋणमुक्त होणार नाही. ज्या धनाला देणेकरी नाही, त्याच्या त्यागाला घेणाराही नाही. क्षमा करावी तर कोणाला, सूट द्यावी तर कोणास? आपल्या परंपरेने मनुष्य देव, ऋषी आणि पितर यांचे तीन ऋण घेऊनच जन्मतो असे मानले. ऋण हे तिने लाजिरवाणे मानले नाही, माणसाला माणसाशी बांधणारे सूत्र मानले. ते सूत्रच जिच्यात नाही ती संपत्ती निर्मळ म्हणण्यापेक्षा कोरी म्हणणे मला अधिक बरोबर वाटते; तिच्यावर धर्म लिहावयाचा तर तो धन्यानेच आपल्या हाताने लिहिला पाहिजे.

हे सारे मी त्याला पुढे सावकाशीने सांगितले. त्याने पाच हजारांचेच बिटकॉइन घेतले, कराच्या नोंदीसाठी वेगळी वही घातली, आणि नाणी एक्स्चेंजवर, म्हणजे खरेदी-विक्रीच्या पेढीवर, न ठेवता स्वतःच्या ताब्यात घेतली. कारण एक्स्चेंजवर ठेवणे म्हणजे पुन्हा कोणाच्या तरी वचनावर विसंबणे, आणि २०१४ साली टोकियोतले एक मोठे एक्स्चेंज सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गमावून बसले होते, हे त्याने वाचलेले होते. मात्र त्यानंतर एका रविवारी तो काहीसा संकोचून आला आणि लाखेने बंद केलेला एक लिफाफा माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "मामा, ते बारा शब्द यात आहेत. मला काही झाले, तर हिला कोणाकडे जाता येणार नाही; ज्या वहीला कोणी मालक नाही तिच्याकडे दाद कुठे मागायची? हे तुमच्याकडे राहू द्या."

मनूने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली त्यांत पहिले ऋणादानाचे आणि लगेच दुसरे निक्षेपाचे, म्हणजे विश्वासाने ठेवलेल्या ठेवीचे आहे. मी चौरंगाखालच्या पेटीतून आजोबांची खतावणी काढली, तिच्या मागच्या कोऱ्या पानावर तिथी घातली आणि लिहिले: चिरंजीव भाचा याजकडून लिफाफा एक, मोहोरबंद, ठेवीदाखल मिळाला, मागेल तेव्हा त्यास, त्याच्या पश्चात सूनबाईस परत करणे. खाली सही केली. पुष्कळ वर्षांनी त्या वहीत एक देणे चढले होते, आणि देणेकरी मी होतो.