वाफशाविना कुदळ

आयरिसच्या कुजलेल्या कंदांसाठी ‘सर, इथली मातीच वाईट’ असं लिहायला तुझा हात धजावला कसा? तू राहतोस त्या डॅलसच्या परिसरातली काळी जमीन परभणीच्या काळ्या रानाच्याच जातीची. तेच स्मेक्टाइट खनिज, ओल लागली की फुगणारं आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडणारं. याच गटातली ‘ह्यूस्टन ब्लॅक’ माती टेक्सासची राज्य-माती म्हणून ओळखली जाते. तू अशाच मातीत वाढलास, माझ्या वर्गात बसून तिचा अभ्यास केलास, आणि दोष तिलाच देतोस?

वाळू कशाला कालवलीस? चिकणमातीचे कण इतके बारीक, की वाळूच्या खड्यांमधली सगळी पोकळी ते भरून टाकतात. फरक पडायला मातीहून जास्त वाळू लागते. चार पोत्यांनी जमीन वाळल्यावर आणखी टणक होते. वर जिप्सम फेकलंस. जिप्सम चोपण जमिनीसाठी, जिथे सोडियममुळे मातीचे कण विखुरतात, हे परीक्षेत लिहून गुण मिळवले होतेस ना? तिथल्या जमिनीत चुना मुळातच भरपूर, सामू आठच्या घरात. तिला जिप्समची गरज नव्हती.

आणि पाऊस थांबल्याच्या दुसऱ्याच दिवशी तू फावडं घेऊन उतरलास! वाफसा नावाची गोष्ट असते. तुझे वडील आजही वाफशाशिवाय रानात औत घालत नाहीत. मूठभर माती दाबून बघायची. बोटाने टोचल्यावर गोळा फुटला तर काम करायचं, चिकटून राहिला तर थांबायचं. ओल्या चिकणमातीत फावडं चालवलं की तिची कणरचना मोडते, मोठी ढेकळं होतात, आणि ती रचना परत यायला एक-दोन हंगाम जातात.

पण मला खरा संताप आला तो लावणीचा. वसमतकडे हळदीला मातीची भर लावतात, म्हणून तू आयरिसलाही लावलीस? हा दाढीवाला आयरिस आहे. त्याच्या कंदाची पाठ उघडी राहायला हवी, ऊन लागायला हवं. तू तो चार बोटं खोल पुरलास, वर सालींचं आच्छादन घातलंस, लॉनवर घालायचं नत्रयुक्त खतही दिलंस. नत्राने वाढ कोवळी झाली, दमट चिकणमातीत जिवाणूंची मऊ कूज शिरली. कंदांना येणारी दुर्गंधी तिचीच.

आता नीट ऐक. मराठवाड्यात सोयाबीनला आपण रुंद वरंबा-सरी का करतो? काळ्या जमिनीत पाणी मुळाशी साचू नये म्हणून. इक्रिसॅट या संशोधन संस्थेने ती पद्धत अशाच जमिनींसाठी विकसित केली. बागेतही तेच कर. आधी 30 सेंटिमीटर खोल खड्डा घे, पाण्याने भर, जिरू दे, पुन्हा भर. तासाला अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी पाणी उतरलं तर सपाट जमिनीत लावणी करायचीच नाही. वाफसा आल्यावर पाच ते आठ सेंटिमीटर जाड, पूर्ण कुजलेल्या कंपोस्टचा थर 25 सेंटिमीटर खोलीपर्यंत मिसळ आणि 20 सेंटिमीटर उंच गादीवाफा कर. ताजं शेणखत नको. जागा दिवसाचे सहा तास उन्हाची हवी. लावणीच्या खड्ड्यात मातीचा उंचवटा करून कंद त्यावर बसव, मुळं दोन्ही बाजूंनी खाली पसर, माती घट्ट दाब, पाठ दिसत राहू दे.

उरलेल्या कंदांचा मऊ भाग घट्ट गरापर्यंत खरवडून टाक, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात बुडव, सावलीत नव्हे, उन्हात सुकव. सुरी प्रत्येक कापानंतर त्याच पाण्यात धू. सप्टेंबर-ऑक्टोबर हा तिथला लावणीचा काळ. तोपर्यंत वाफा तयार नसेल, तर यंदा एकही कंद जमिनीत घालायचा नाही.