काट्याला काम हवं

मनगटी घड्याळात फिरते काटे ठेवायचे आणि त्याच डायलवर बोटाने चालणारा पडदाही बसवायचा, असं ठरवलं की आधी जागेची अडचण डोळ्यांत भरते. एवढ्याशा वर्तुळात दोघं मावणार कसे? पण या घड्याळाचा मूळ प्रश्न विजेचा आहे, आणि तिथून सुरुवात केली तर जागेचंही कोडं पुष्कळसं सुटतं.

क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा १५ वेळा निम्मा केला की १ उरतो. म्हणजे दर सेकंदाला विजेचा एक ठोका. त्या ठोक्यासरशी मोटरमधला इवलासा चुंबक अर्धा फेरा फिरतो आणि दातेरी चाकं त्या अर्ध्या फेऱ्यातून सेकंद काट्याला ६ अंश पुढे नेतात. मारियूस लाव्हे या फ्रेंच अभियंत्याने १९३०च्या दशकात ही मोटर रचली. आजही काट्यांच्या बहुतेक क्वार्ट्झ घड्याळांत तिचीच वंशज असते. ठोका काही सहस्रांश सेकंदच टिकतो. पुढच्या ठोक्यापर्यंत मोटरला वीज लागत नाही. चुंबकाच्याच ओढीने काटा जागच्या जागी राहतो. काट्याला वेळ बदलायला वीज लागते, दाखवत राहायला लागत नाही. रंगीत पडद्याला मात्र एकच आकडा तासभर दाखवायचा असला तरी तासभर वीज लागते.

ही तफावत किती मोठी आहे, ते एलजीच्या २०१८च्या वॉच डब्ल्यू७ने दाखवून दिलं. पडदा आणि बाकी सगळं चालू असताना ते जेमतेम दोन दिवस टिकायचं. फक्त काटे चालू ठेवले, तर कंपनीच्या सांगण्यानुसार सुमारे १०० दिवस. सेल तोच, काटेही तेच.

तरीही ते घड्याळ मला फसलेलंच वाटतं. पूर्ण गोल रंगीत टचस्क्रीन, तिच्या मधोमध काट्यांच्या आसासाठी पाडलेलं भोक, आणि मजकुरावर आडवे येणारे काटे. मजकूर वाचायचा तर काट्यांना आडवं सरकवायचं. शिवाय बोट वरच्या काचेवर, चित्र खाली, आणि मध्ये काट्यांसाठी सोडलेली पोकळी; तिरकं पाहिलं की बोट आणि चित्र यांचा मेळ चुकतो. टायटनने २०२०मध्ये आणलेल्या कनेक्टेड एक्समध्येही रंगीत टचस्क्रीनवर काटे आहेत. अशा मांडणीत पडदा आधी ठरतो आणि काटे त्यावर नंतर येऊन बसतात. गार्मिनच्या व्हिवोमूव्ह एचआरने २०१७मध्ये उलटी वाट धरली होती. तिथे पडदा डायलखाली दडलेला असतो, हवा तेव्हाच उजळतो, आणि तेवढ्यापुरते काटे बाजूला होतात. एरवी ते साधं काट्यांचं घड्याळच दिसतं.

पण काट्यांना असं हवं तिथे हलवायचं म्हटलं की नवी अडचण उभी राहते. मोटर आंधळी आहे. काटा कुठे आहे हे घड्याळातल्या चिपला दिसत नाही. डोळे मिटून पावलं मोजत चालणाऱ्या माणसासारखी ती फक्त ठोके मोजते. जोराचा धक्का बसला किंवा जवळ चुंबक आला, की एखादं पाऊल हुकतं. मग चिपच्या लेखी १० वाजून १० मिनिटं झालेली असतात आणि काटा दुसरीकडेच असतो. म्हणून अशा घड्याळांत काटे पुन्हा जुळवून घेण्याची सोय ठेवावीच लागते. कॅसिओने काही घड्याळांत यावर फार सुंदर तोड काढली आहे: चाकांना बारीक भोकं ठेवायची आणि ठरावीक वेळाने त्यांतून एलईडीचा प्रकाश सोडायचा. भोकं ज्या वेळी एका रेषेत यायला हवीत त्या वेळी प्रकाश आरपार गेला, तर काटे जागेवर आहेत. नाही गेला, तर घड्याळ स्वतःच त्यांना जागेवर आणतं.

हे सगळं ध्यानात घेतलं, म्हणजे टिसोने १९९९ साली आणलेल्या टी-टचची थोरवी कळते. त्यात खालच्या बाजूला आकड्यांची एक छोटी पट्टी आहे, आणि काच स्पर्श ओळखते. बटण दाबून काच जागी करायची आणि काठावरच्या ठरलेल्या जागी बोट टेकवायचं. होकायंत्राच्या जागी टेकवलं, की दोन्ही काटे फिरून एका सरळ रेषेत येतात आणि उत्तर दिशा दाखवू लागतात. हवामानाच्या जागी टेकवलं, तर दोन्ही एकमेकांवर येतात आणि हवेचा दाब वाढतोय की उतरतोय, त्याप्रमाणे उजवीकडे किंवा डावीकडे झुकतात. दिशा आणि कल या मुळातच रेषेने दाखवायच्या गोष्टी. काट्याइतकं चांगलं साधन त्यांना दुसरं नाही. नेमकी उंची किंवा तापमान मात्र आकड्यातच सांगावं लागतं, म्हणून ते पट्टीकडे. इथे काट्याला कुणासाठी बाजूला व्हावं लागत नाही, कारण बोट ज्याला हाक मारतं तो काटाच आहे. आणि हे साधायला रंगीत पडदा लागला नाही.

असं घड्याळ रचू पाहणाऱ्या तरुण डिझायनरांना माझी विनंती आहे. पडद्याचा आकार आणि रंग ठरवण्याआधी एक कागद घ्या, पडदा पूर्ण बंद आहे असं धरा, आणि वेळ सांगण्याखेरीज काटे आणखी काय सांगू शकतील ते त्यावर लिहून काढा. त्यात जे बसणार नाही, तेवढ्यापुरताच पडदा घ्या.