मण्यांची मोजणी
(मत्तय ६:७ व २६:४४)



मणी ही वस्तू लहान, परंतु मनुष्याने तिजकडून केवढी कामे करून घेतली आहेत! शाळेतील लेकरू गणितमाळेवर शंभरापर्यंत मोजावयास शिकते. तिच्यात दहा मणी एका रंगाचे व पुढील दहा दुसऱ्या रंगाचे असल्यामुळे दशक त्यास डोळ्यांनीच कळते. आमच्या बायका मोतीकाम करून तोरणे ओवितात. त्यांतही मोजणी आहेच, कारण एक मणी चुकला की सारी नक्षी वाकडी जाते. आणि प्रार्थनेकरिता तर मणी सर्वत्र आहेत. हिंदूंच्या जपमाळेत १०८ मणी असून मेरुमणी ओलांडीत नाहीत, तेथून माळ उलट फिरवितात. मुसलमानांच्या तसबीहमध्ये ९९ किंवा ३३ मणी असतात. रोमन कॅथलिक बांधवांच्या पाच दशकांच्या रोझरीत ५९ असतात. इंग्रजीत मण्याला जो ‘बीड’ शब्द आहे त्याचा मूळ अर्थच मुळी प्रार्थना असा होता.

आपण प्रॉटेस्टंट लोकांनी माळ बाजूला ठेविली, व ती सकारण ठेविली. पुष्कळ बोलल्याने देव ऐकतो असे समजू नका, असे प्रभूने शिष्यांस बजाविले आहे. त्याच वचनावर गेल्या पावसाळ्यात आम्ही उपदेश केला, आणि तो करिताना आमच्या हातून एक चूक घडली, ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही.

नाशिकरोडजवळील एकलहरे गावाहून एक वृद्ध बाई उपासनेस येतात. तेथील वीजकेंद्राची उंच धुरांडी दुरून दिसतात, त्याच वाटेने. बाई निरक्षर आहेत. उपासनेत त्यांच्या पदराखाली मण्यांची माळ फिरताना आम्ही पाहिली, आणि व्यासपीठावरून, नाव न घेता परंतु त्यांच्याकडे पाहून, मणी मोजणाऱ्यांची आम्ही चांगलीच हजेरी घेतली. मंडळीत दोघेतिघे हसले. आम्हांस वाटले, वचन लागू पडले.

पुढे महिन्याने त्यांच्या घरी प्रार्थनेस गेलो. त्यांची नात जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत आहे. ती आजीची माळ हाती घेऊन मोठ्याने मोजीत होती. “आजी, तुझी माळ चुकली! तीन दशक आणि सात सुटे. पुरे दशक होतच नाहीत.” आजी म्हणाल्या, “बाळा, माणसं काय दहा-दहाच्या हिशेबानं जन्मतात?”

तेव्हा कळले की तोरणातून उरलेल्या मण्यांची ती माळ होती आणि एकेका मण्यास एकेक नाव होते. लिहिता येत नाही, म्हणून ओवून ठेविले होते. नवे लेकरू जन्मले की एक मणी वाढतो. कोणी वारले तरी मणी काढीत नाहीत. तो मागे राहिलेल्यांकरिता. बांधावरून ज्यांचे बोलणे बंद आहे असे दोघे सख्खे भाऊ मुद्दाम एकमेकांशेजारी ओवले आहेत. सदतीस माणसे! आणि त्या मंडळीचा पाळक म्हणवून घेणाऱ्या आम्हांस त्यांतील निम्म्यांची तरी नावे न अडखळता सांगता आली असती काय, याची शंकाच आहे.

मिसर देशातील संन्याशांची वृत्ते पल्लडियसने पाचव्या शतकाच्या प्रारंभी लिहून ठेविली. त्यांत पौल नावाचा एक साधू आहे. हा प्रेषित नव्हे. तो रोज ३०० प्रार्थना करी. ३०० खडे जवळ घेऊन बसे व एकेका प्रार्थनेस एकेक खडा टाकी. कोण्या गावातील एक कुमारी ७०० करिते असे त्याच्या कानी आले, तेव्हा तो खचून गेला व मकारिअस नावाच्या वृद्धाकडे धावला. मकारिअस म्हणाला, मी साठ वर्षे शंभरच करितो, हातांनी कष्ट करून खातो, भेटीस आलेल्या बंधूंस टाळीत नाही, आणि माझे मन मला दोष देत नाही. तुझे मन तीनशे करूनही दोष देते, तर तू शुद्ध भावाने करीत नाहीस, किंवा अधिक करू शकत असून करीत नाहीस.

खड्याचा दोष त्याने काढिला नाही, हे ध्यानात घ्यावे. दोष पुन्हा पुन्हा बोलण्यातही नाही. १३६ व्या स्तोत्राच्या सव्वीसही ओव्यांस एकच पालुपद आहे, आणि गेथशेमाने बागेत आपल्या प्रभूने तिसऱ्या वेळीही तेच शब्द उच्चारिले. ज्याने आपल्या डोक्यावरील केसही मोजले आहेत त्याला आपली मोजणी दाखविण्यात काय अर्थ? तो पौल मोजीत होता ते स्वतःस. आमची दशा तरी कोठे निराळी होती? उपासनेस किती आले, वर्गणी किती जमली, हे आम्ही दर रविवारी वहीत लिहितो. ती वही आमची जपमाळच होय.

त्या दिवशी आम्ही आजींस विचारिले, “आजी, यांत आमचा मणी आहे काय?”

त्यांनी माळ जराशी फिरवून एक निळा मणी बोटांत धरिला. “आहे तर. पण त्या रविवारपासून तुमच्या मण्यापाशी मला फार वेळ लागतो, पाळकसाहेब. पुढं सरकवत नाही.”

आम्ही क्षमा मागितली. मग खाली चटईवर बसून कोणता मणी कोणाचा, हे एकेक विचारून घेऊ लागलो. नात मोजीत होती. विसाव्या मण्यापाशी दिवेलागण झाली. उरलेली सतरा नावे घेण्यास येत्या बुधवारी जावयाचे आहे.