ओढणं आणि पेलणं

डॅलसच्या बाहेर हायवेला लागून एक मोठं मैदान आहे. तिथे विकायला ठेवलेली घरं चाकांवर उभी असतात. मागच्या वर्षी आमचे सहा रविवार त्या मैदानात गेले. घरात प्रश्न एकच होता: ट्रॅव्हल ट्रेलर घ्यायचा की फिफ्थ व्हील?

दोन्हींत पलंग असतो, शेगडी, फ्रिज, संडास-बाथरूम असतं. दोन्हींना स्वतःचं इंजिन नसतं. फरक आहे तो जोडणीत. ट्रॅव्हल ट्रेलर गाडीच्या मागच्या टोकाला एका लोखंडी गोळ्यावर अडकवतात. फिफ्थ व्हीलची मान उंच आणि पुढे आलेली असते. ती पिकअप ट्रकच्या हौद्यात, साधारण मागच्या आसाच्या वर येऊन टेकते. मुंबई-पुणे रस्त्यावरचे कंटेनर ट्रेलर तुम्ही पाहिले असतील, त्यांची जोडणी याच जातीची. नाव घोडागाड्यांच्या काळातलं आहे. पुढचा आस वळावा म्हणून त्यावर एक आडवं चाक बसवत; चार चाकांवरचं ते पाचवं. विमानांसाठी ओळखल्या जाणाऱ्या ग्लेन कर्टिस यांनी १९२०च्या दशकातच अशा जोडणीचं फिरतं घर बनवलं होतं.

वजन आसावर आल्यामुळे फिफ्थ व्हील रस्त्यावर शांत चालतं. ट्रॅव्हल ट्रेलर शेपटीसारखा मागे लोंबतो. आडवा वारा सुटला किंवा शेजारून मोठा ट्रक गेला की तो डोलायला लागतो आणि कधीकधी पुढच्या गाडीलाही डोलवतो. त्यामुळे नवऱ्याचं मत पक्कं होतं: फिफ्थ व्हील. वर त्यात छत उंच, तीन पायऱ्या चढून वेगळी बेडरूम, आणि दिवाणखान्यात विजेवर चालणारी खोटी शेकोटी. (टेक्सासात शेकोटी कशाला, हे मी विचारलं. उत्तर मिळालं नाही.)

विक्रेता म्हणाला, "तुमचा ट्रक ११,००० पौंड ओढतो. हे घर सामानासकट १०,०००च्या आत आहे. निर्धास्त न्या."

११,००० पौंड म्हणजे जवळपास ५,००० किलो. ट्रक तेवढं ओढतो हे खरंच होतं. पण ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळी-पांढरी पट्टी असते. आतली माणसं आणि सामान मिळून या गाडीने किती वजन अंगावर घ्यायचं, ते त्यावर छापलेलं असतं. आमच्या पट्टीवर १,६५० पौंड होते. फिफ्थ व्हीलचं साधारण १५ ते २५ टक्के वजन ट्रकच्या हौद्यात उतरतं. भरलेलं घर ९,५०० पौंडांचं आणि वाटा २० टक्के धरला, तर १,९०० पौंड. म्हणजे आम्ही तिघं आत बसायच्या आधीच ट्रक मर्यादेबाहेर. जे घर जात्याच जास्त सुरक्षित, ते आमच्या ट्रकवर जास्त धोक्याचं होतं. मोठा ट्रक घेण्याइतके पैसे नव्हते, तो विषय पाच मिनिटांत संपला.

नवरा म्हणाला, "अडीचशे पौंडांनी काय होतंय? कंपन्या आकडा राखूनच छापतात. इतके लोक नेतात, कुणाचं काय झालं?"

यातलं 'कुणाचं काय झालं' मला झोंबलं, कारण ते वाक्य मी लहानपणापासून ऐकलेलं आहे.

मी सांगली जिल्ह्यातली. आमचा ट्रॅक्टर होता. गळीत हंगामात अण्णा दोन ट्रॉल्या जोडून ऊस कारखान्यावर न्यायचे. मोळ्या रचून रचून ट्रॉली दुप्पट उंच व्हायची. चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी पडायची, मग बोनेटवर एक माणूस बसवायचा. कारखान्याच्या काट्यावर वजन व्हायचं, पण ते टनाचे पैसे काढण्यासाठी. रस्त्याला ते पेलतंय का, ब्रेकला पेलतंय का, हे कुठल्याच काट्यावर कळत नव्हतं. आई काळजी करायची तेव्हा अण्णा म्हणायचे, "सगळेच नेतात. कुणाचं काय झालं?"

शेजारच्या गावातल्या एका माणसाचं झालं. त्याच्याही दोन ट्रॉल्या, तसाच ऊस, तोच चढ. एका रात्री मधली पिन तुटली, मागची ट्रॉली उलटी गडगडत गेली आणि मोटारसायकलवरचा एक मुलगा गेला. त्या माणसाने पुढे ट्रॅक्टर विकला. गावात त्याच्याकडे बघायची लोकांची नजर बदलली. अण्णा मात्र शेवटपर्यंत गावातले शहाणे गृहस्थ राहिले. पंचायतीत लोक त्यांचा शब्द मानायचे.

दोघांनी केलं ते एकच होतं.

१९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी नेमकी ही गाठ हाती घेतली. तिला त्यांनी 'नैतिक नशीब' असं नाव दिलं. त्यांच्या चर्चेत एक ट्रकचालक येतो, ज्याच्या गाडीखाली मूल सापडतं. नेगल विचारतात, समजा त्याने ब्रेक तपासून घ्यायचा कंटाळा केला होता. मूल आडवं आलं तर तो आयुष्यभर अपराधी. आलं नाही तर तोच कंटाळा, तेच ब्रेक, आणि तो संध्याकाळी घरी जाऊन जेवतो. जे आपल्या हातात नाही त्यावरून माणसाला दोष देऊ नये, असं आपण म्हणतो. पण देताना दोष त्यावरूनच देतो.

कॉलेजात हे वाचलं तेव्हा मला ते कोडं वाटलं होतं. त्या मैदानात उभी असताना वाटलं की हे आमच्या घरचं आहे. अण्णांना दोष द्यायला आजही जीभ उचलत नाही. डिझेल, ड्रायव्हरची मजुरी, कारखान्याच्या दारात तासन्‌तास थांबणं, एका ट्रॉलीत ते परवडत नव्हतं. त्यांच्याकडे निदान पोटाचं कारण होतं. माझ्याकडे खोटी शेकोटी होती.

नवऱ्याच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही. आकडा ओलांडला की त्या क्षणी आस मोडत नाही. मर्यादा हा कुणीतरी विचार करून ओढलेला अंदाज असतो. पण मागच्या गाडीत बसलेल्या बाईला या अंदाजाशी खेळायचं आहे का, हे तिला कुणी विचारलेलं नसतं. वेग वाढवला तर पोलीस पकडतात. वजन जास्त असेल तर आमच्यासारख्या घरगुती लोकांना बहुतेक वेळा कुणी पकडत नाही. हायवेवरच्या काट्यावर मालट्रक वळतात, आम्ही सरळ पुढे जातो. साध्या लायसन्सवर एवढं अख्खं घर ओढायला मिळतं. म्हणजे इथे माझ्याखेरीज पहारेकरीच नाही, आणि माझा मुद्दा तेवढाच होता. तो नवऱ्याला पटला असं म्हणणार नाही. तो फक्त म्हणाला, "ठीक आहे, तुझ्या अण्णांसाठी." मला ते आवडलं नाही, तरी मी गप्प बसले.

आम्ही लहान ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. भरून साडेसहा हजार पौंड. याचं १० ते १५ टक्के वजनच गाडीवर येतं. डोलणं कमी करणारी जोडणी वेगळी विकत घेतली. मला वाटलं, सुटलो.

पहिल्या सहलीच्या सकाळी मी हट्टाने गाडी ट्रकवाल्यांच्या पंपावरच्या काट्यावर नेली. थोडे डॉलर दिले की पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर, तिन्हींची वेगवेगळी वजनं छापलेली चिठ्ठी मिळते. ट्रकच्या दोन आसांची बेरीज ७,१२० आली. ट्रकची मर्यादा ७,०००. आमचा शहाणपणाचा पर्यायसुद्धा १२० पौंडांनी जास्त होता.

नवरा हसला नाही, हे त्याचं मोठेपण. म्हणाला, "ट्रेलरच्या पुढच्या कप्प्यातलं सामान मागे टाकू, म्हणजे ट्रकवरचं वजन उतरेल." उतरलं असतं. पण पुढचा भार दहा टक्क्यांखाली गेला की ट्रेलर जास्तच डोलतो. ओझं नुसतं मागे सरकवून ट्रकचा आकडा बरोबर येतो आणि मागच्या बाईचा धोका वाढतो. कमी करायचं तर ट्रकमधूनच काढायला हवं होतं. हौद्यात काय होतं? जनरेटर, घडीच्या खुर्च्या, आणि आईने सांगलीहून बॅगेत घालून आणलेला दगडी खलबत्ता. जनरेटर नाही म्हणजे जुलैच्या टेक्सासात एसी नाही.

मागे लेकीने विचारलं, "आपण घरी चाललोय का?"

"पाच मिनिटं," नवरा म्हणाला आणि गाडी वळवली. पाच मिनिटांचा दीड तास झाला. जनरेटर गॅरेजमध्ये गेला, खुर्च्या गेल्या, खलबत्ताही गेला. परत येऊन वजन केलं. त्याच काट्यावर चोवीस तासांत दुसऱ्यांदा वजन केलं तर कमी पैसे पडतात. ६,९८०. मुक्कामाला पोचायला संध्याकाळ झाली, आणि रात्री आम्ही तिघंही घामाने भिजून झोपलो.