पाप कुणाचे, फेड कुणाची

नरसी नामदेव आणि औंढा नागनाथ ही दोन्ही गावे हिंगोली जिल्ह्यातली. याच जिल्ह्यातल्या कुरुंद्याकडच्या माणसाला औंढ्याची कथा वेगळी सांगावी लागत नाही. नामदेवांचे कीर्तन रंगले, पुजाऱ्यांनी त्यांना देवासमोरून हुसकावले, ते देवळामागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. कारभार पाहणारे आणि गाणारा यांच्यात तंटा झाला तर देव गाणाऱ्याचा असतो, असा दिलासा या कथेत आहे. तो दिलासा खरा आहे, पण अपुरा आहे. देऊळ फिरल्यावर पुजाऱ्यांचे काय झाले हे कथा सांगत नाही. दुसऱ्या दिवशी तेच पुजारी त्याच देवळात होते का? एखादी संस्था तिच्या कारभाऱ्यांच्या दुष्कृत्याने डागाळली तर ती पुन्हा निर्मळ कशी होते, हा प्रश्न कथा जिथे थांबते तिथून सुरू होतो.

जपानमध्ये हा प्रश्न अलीकडे फार उघडपणे उभा राहिला. जॉनी कितागावा या माणसाने १९६२ साली स्थापन केलेल्या 'जॉनीज' या कंपनीने कोवळ्या मुलांना गाणे-नाचणे शिकवून त्यांचे गट घडवले, आणि या गटांवर लाखो लोकांनी जीव लावला. जपानी लोक या कलावंतांना 'आयडॉल' म्हणतात. याच कितागावाने अनेक दशके या मुलांचे लैंगिक शोषण केले. १९९९ साली एका साप्ताहिकाने ते छापले. बदनामीच्या खटल्यात टोकियोच्या उच्च न्यायालयाने २००३ साली शोषणाच्या आरोपांत तथ्य असल्याचे मान्य केले, तरी बहुतेक वृत्तपत्रे आणि वाहिन्या गप्प राहिल्या. २०१९ साली तो मेला तेव्हा त्याचा गौरवच झाला. मार्च २०२३ मध्ये बीबीसीचा माहितीपट आला, पीडित पुढे येऊन बोलू लागले, आणि ऑगस्टमध्ये चौकशी पथकाने बळींची संख्या किमान काही शेकड्यांत असल्याचे सांगितले. मग कंपनीने गुन्हा कबूल केला, संस्थापकाची भाची ज्युली फुजिशिमा अध्यक्षपदावरून पायउतार झाली, ऑक्टोबरमध्ये संस्थापकाचे नाव पुसून कंपनीचे नाव 'स्माइल-अप' झाले आणि तिच्याकडे केवळ भरपाईचे काम राहिले. कलावंतांसाठी वेगळी कंपनी निघाली.

या गटांनी आता सावरायचे कसे? बाजाराचे उत्तर सोपे आहे: नाव बदला, थोडे दिवस जाऊ द्या, नवे गाणे आणा. पण सावरणे म्हणजे पुन्हा खपणे नव्हे. आपल्या धर्मशास्त्राने या बाबतीत एक उपयोगी आणि एक घातक विचार मागे ठेवला आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापातून सुटण्याच्या मार्गांत पहिले स्थान उघड कबुलीला आहे, त्यानंतर पश्चात्तापाला, आणि दानाचा मार्ग संकटकाळासाठी राखून शेवटी ठेवला आहे. आधी सत्य, मग पैसा, हा क्रम मला मोलाचा वाटतो. त्याच अध्यायात महापातक्यांच्या संगतीत राहणाऱ्यालाही महापातकी ठरवले आहे. हा विचार घातक, कारण संसर्गाचे पाप मोजायला बसले की ते नेहमी दुबळ्याच्या पदरात पडते. जपानच्याच एनजीटी४८ या मुलींच्या गटात ते दिसले. माहो यामागुची या गायिकेवर डिसेंबर २०१८ मध्ये तिच्या घराच्या दाराशी दोन पुरुषांनी हल्ला केला. महिनाभर दाद न मिळाल्यावर तिने स्वतःच ते जाहीर केले, आणि जानेवारी २०१९ मध्ये रंगमंचावरून तिनेच प्रेक्षकांची माफी मागितली. हल्ला सोसलेलीने हात जोडले आणि कारभारी आडोशाला राहिले. मे महिन्यात ती गट सोडून गेली. प्रायश्चित्त चुकीच्या माणसाकडून घेतले की संस्था शुद्ध तर होत नाहीच, तिच्या नावावर आणखी एक अपराध चढतो.

म्हणून पापाऐवजी ऋणाच्या भाषेत विचार करावा, असे माझे म्हणणे आहे. कर्माचा सिद्धांत मानला तर बापाचे पाप मुलाला लागत नाही. ऋण मात्र वारशाने येते. कितागावाचे पाप त्याच्याबरोबर गेले असेल, पण त्याच्या कंपनीचे देणे उरले आहे. यावर शास्त्र जाणणारा हरकत घेईल की स्मृतींनी बापाच्या दारूचे, जुगाराचे आणि कामवासनेपायी झालेले ऋण मुलाने फेडू नये असेच म्हटले आहे. हरकत बरोबर आहे. पण त्या नियमामागे मुलाला त्या उधळपट्टीतून काही मिळालेले नसते, ही समज असावी. इथे वारसांच्या हाती आलेली मालमत्ताच गुन्हा दडवल्यामुळे वाढत राहिली. मुलांनी तोंड उघडले असते तर ती उभी राहिली नसती. जो लाभ घेतो त्याला देणे नाकारता येत नाही.

आता चाहत्यांकडे येतो, कारण या प्रश्नातला सर्वांत अवघड भाग त्यांचा आहे. ते म्हणतात, आमचे प्रेम गाणाऱ्यांवर आहे, मालकांवर नाही. हे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो आहोत: विठ्ठल वेगळा, बडवे वेगळे. देवळाचा कारभार पाहणारे बडवे मारतात ही तक्रार चोखोबांनी चौदाव्या शतकात अभंगातून देवापुढे मांडली. वारकऱ्यांनी तो अभंग कंठात जपला आणि वारीही सोडली नाही. या निष्ठेपुढे मी नम्र आहे. तरीही हिशेब मांडावा लागतो. देव वेगळा मानल्यामुळे भक्ताचे मन शांत राहिले, दक्षिणा पडत राहिली, आणि चोखोबांचे वंशज दाराबाहेरच राहिले. ज्या प्रेमाने देवाला डागापासून वाचवले त्याच प्रेमाने कारभाऱ्यांनाही वाचवले. ही कोंडी साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये फोडली. विठ्ठलाकडे पाठ फिरवा असे ते म्हणाले नाहीत. माझ्या देवाचे दार सर्वांना उघडत नाही तोवर मी अन्न घेणार नाही असे म्हणून त्यांनी पंढरपुरात उपोषण मांडले, आणि दार उघडले. भक्ती तशीच राहिली, फक्त ती आता कारभाऱ्यांची ढाल उरली नाही. पुढे भाविकांच्या छळाच्या तक्रारींवर नाडकर्णी आयोग बसला, १९७३ साली कायदा होऊन बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपले, आणि सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल यायला जानेवारी २०१४ उजाडले. त्याच वर्षी मंदिर समितीने पूजेसाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले. पाटी न बदलता हक्क बदलले. जपानी कंपनीने पाटी आधी बदलली आहे. हक्क किती बदलले, हे चाहत्यांनी विचारत राहायला हवे.

निरपराध कलावंतांची भाकरी का हिरावता, हा आक्षेप उरतो, आणि तो खोटा नाही. २०२३ मध्ये मोठमोठ्या कंपन्यांनी जाहिराती काढून घेतल्या, एनएचके या जपानी वाहिनीच्या वर्षअखेरच्या प्रसिद्ध गानसोहळ्यात जॉनीजचा एकही गट नव्हता, आणि त्याचा फटका विशी-पंचविशीतल्या पोरांना बसला. ही शिक्षा म्हणून असेल तर अन्याय आहे. पण गटांकडे शिक्षा मागायची नाही, साक्ष मागायची आहे: आम्हाला काय दिसत होते, आम्ही गप्प का होतो, बोलणाऱ्याचे काय होत असे. ज्याच्या स्वतःवरच अत्याचार झाला असेल त्याच्याकडून तीही मागू नये. कुरुंद्यात १९३२ साली जन्मलेले विचारवंत नरहर कुरुंदकर नास्तिक होते, तरी मनुस्मृती त्यांनी बारकाईने वाचली आणि परखडपणे तपासली. ज्या परंपरेने आपल्याला घडवले तिचा हिशेब आपणच मांडायचा, ही त्यांची रीत. या गटांतल्या ज्येष्ठांना तीच रीत लागू आहे. कंपनी भरपाई देईल, पण रक्कम घेणाऱ्या माणसाला तीस वर्षे खोटा ठरवले गेले होते, हे शेजारच्या रांगेत नाचलेल्या सोबत्याशिवाय दुसरा कोणी सांगू शकत नाही.