प्रार्थनेतून कोणाला उठवू नये

चर्चमधल्या उपासनेचा विचार करताना वेदी, उपदेश, गायन एवढेच डोळ्यांपुढे येते. दाराशी उभा राहून येणाऱ्याला जागा दाखवणारा अशर कोणाच्या लक्षात येत नाही. पण आपण जे मानतो त्याला मंडळी किती जागते, हे आधी त्याच्याच वागण्यात दिसते. सोन्याची अंगठी घालून आलेल्याला मानाचे आसन आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला पायाशी जागा, हा भेद बायबलमधल्या याकोबाच्या पत्राने फार पूर्वीच धिक्कारला आहे. तिसऱ्या शतकात सीरियात रचलेला ‘दिदास्कालिया’ हा ग्रंथ तर नियमच घालून देतो. एका डीकनने, म्हणजे बिशपच्या साहाय्यकाने, दाराशी उभे राहून येणाऱ्यांकडे लक्ष ठेवावे. प्रतिष्ठित माणूस आला म्हणून बिशपने बोलणे थांबवू नये. मात्र गरीब म्हातारा आला आणि जागा नसली, तर बिशपने स्वतः जमिनीवर बसावे लागले तरी त्याला जागा करून द्यावी.

रोमन कॅथलिक परंपरेत द्वारपाल ही दीक्षेची एक पायरीच होती. बिशप त्याच्या हाती चर्चच्या किल्ल्या देत. १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी ते पद रद्द केले.

मला या कामाचे खरे मोल कळते ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्जेस मेथडिस्ट चर्चमध्ये कृष्णवर्णीय उपासकांना आधी भिंतीकडेला सरकवले गेले, मग दारातल्या सेवकाने वरच्या सज्जाकडे पाठवले. तिथेही भलत्या जागी बसले म्हणून ॲब्सलम जोन्स यांना गुडघे टेकलेले असताना, प्रार्थना चालू असतानाच, ओढून उठवण्यात आले. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, एवढेच त्यांचे मागणे होते. ही हकीकत त्यांचे सहकारी रिचर्ड ॲलन यांनी लिहून ठेवली आहे. ही मंडळी चर्च सोडून गेली. ॲलन यांनी १७९४ मध्ये बेथेल चर्च उभे केले आणि १८१६ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हा स्वतंत्र पंथ स्थापन झाला.

कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली अशरांची शिस्त मी या घटनेच्या उजेडात वाचतो. पांढरा गणवेश, पांढरे हातमोजे, एक हात पाठीमागे. बोलायचे नाही, खुणांनी काम चालवायचे. प्रार्थना किंवा शास्त्रवाचन चालू असताना उशिरा आलेल्याला दारातच थांबवायचे, म्हणजे आत कोणाची तंद्री मोडणार नाही. कोणी भावावेगाने थरथरू लागले, ओरडू लागले, तर त्याला गप्प करायचे नाही. भोवती उभे राहायचे, चष्मा काढून घ्यायचा, पंख्याने वारा घालायचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे काम करणाऱ्या कितीतरी स्त्रिया आठवडाभर गोऱ्यांच्या घरी मोलकरणी होत्या आणि त्या घरांत मागच्या दारानेच शिरत. रविवारी पुढच्या दाराची मालकी त्यांची. १९१९ मध्ये अशरांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, तेव्हा तिच्यामागे ही प्रतिष्ठेची भूक असणार, असे मला वाटते.

गोऱ्यांच्या चर्चमध्ये मात्र दार तसेच राहिले. १९६३ मध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात उपासनेला आलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना पायऱ्यांवरून परत पाठवणारेही अशरच होते.

आणि अमेरिकेतलेच चार्ल्सटन शहर, जिथे उघड्या दाराची किंमत मोजावी लागली. ॲलन यांच्याच पंथाच्या इमॅन्युएल चर्चमध्ये १७ जून २०१५ च्या संध्याकाळी एक गोरा तरुण आला. बायबल अभ्यासाच्या बैठकीत त्याला प्रेमाने बसवून घेतले गेले, तेही पाळकांच्या शेजारी. त्याने पाळकांसह नऊ जणांना गोळ्या घातल्या. पुढच्या रविवारी त्या चर्चचे दार पुन्हा उघडले, अनोळखी माणसे आत आली. आज अमेरिकेतल्या अनेक चर्चमध्ये अशरांना सुरक्षेचेही प्रशिक्षण देतात. येणाऱ्याच्या पिशवीकडे पाहायचे आणि त्याला आपल्यावर संशय घेतला जातोय असे वाटूही द्यायचे नाही, ही दोन्ही कामे आता एकाच माणसाकडे आली आहेत.