निष्ठेचा विषय : रूपांतर करणारा कलावंत आणि त्याचा श्रोता

एखाद्या कलावंताने आपला रूपबंध मुळापासून बदलला तर काय, हा प्रश्न समीक्षेत बहुधा कलावंताच्या बाजूने विचारला जातो. कलावंताला बदलण्याचे स्वातंत्र्य आहे काय, असे विचारले की उत्तर जवळजवळ ठरलेलेच असते : आहे. या उत्तराने आस्वादकाचा प्रश्न मात्र सुटत नाही. बदल नाकारणाऱ्या आस्वादकाला संकुचित ठरवायचे आणि तो स्वीकारणाऱ्याला उदार ठरवायचे, ही एक सोयीस्कर सवय झाली आहे. नकार आणि स्वीकार यांचे नैतिक मूल्य त्यांच्या दिशेवरून ठरते, की ते ज्या रीतीने घडतात त्या रीतीवरून, हे पाहण्यासाठी लोकप्रिय संगीतातील एक उदाहरण उपयुक्त ठरेल. नॉर्वेतील 'उल्व्हर' या बँडने ब्लॅक मेटल सोडून इलेक्ट्रॉनिक संगीताची वाट धरली, आणि मेटलच्या श्रोत्यांपैकी अनेकजण या वाटेवर त्याच्याबरोबर गेले. हे श्रोते नेमके कशाशी एकनिष्ठ राहिले, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

प्रथम पार्श्वभूमी लक्षात घेतली पाहिजे. १९९०च्या दशकाच्या आरंभी नॉर्वेत आकाराला आलेले ब्लॅक मेटल ही केवळ संगीताची शैली नव्हती. खरखरीत गिटार, अतिजलद ड्रम, किंकाळीसारखा गळा आणि हेतुतः ओबडधोबड ठेवलेले ध्वनिमुद्रण हे तिचे बाह्य संकेत होते. त्यांमागे अस्सलतेचा एक कडवा आग्रह होता. अस्सल कोण आणि भेसळ कोण, याचा निवाडा या वर्तुळात सतत चालत असे. त्या आग्रहाच्या आसपास किती भीषण गोष्टी घडल्या, हेही विसरता येणार नाही. जून १९९२ मध्ये बर्गनजवळचे फांतॉफ्त येथील लाकडी चर्च जाळण्यात आले. ऑगस्ट १९९३ मध्ये 'मेहेम' या बँडचा गिटारवादक ऑयस्टाइन ऑर्शेथ याचा 'बुर्झुम'च्या वार्ग विकेर्नेसने खून केला. या हिंसेचे कारण संगीत होते असे म्हणणे अतिव्याप्त होईल. परंतु ज्या वर्तुळात शुद्धता हेच परममूल्य मानले गेले होते, तेथे रूपबंध बदलणे ही केवळ अभिरुचीची बाब राहू शकत नव्हती, एवढे खास.

'उल्व्हर' या शब्दाचा अर्थ 'लांडगे'. क्रिस्तोफर रिग याच्या पुढाकाराने १९९३ मध्ये ओस्लोत स्थापन झालेल्या या बँडच्या पहिल्या तीन ध्वनिमुद्रिका त्रयी म्हणून ओळखल्या जातात. 'बेर्गतात' (१९९५) ही पाच प्रकरणांत सांगितलेली लोककथा आहे. तिची भाषा जुन्या डॅनिश वळणाची आहे आणि तिच्यात मेटलच्या कोलाहलाबरोबर शांत, लोकगीताच्या धाटणीचे गायनही आहे. 'क्वेल्सांगर' (१९९६) मध्ये विजेवर चालणारी गिटार जवळजवळ नाहीच. तेथे साधी गिटार, चेलो, बासरी आणि समूहस्वर आहेत. 'नात्तेन्स मद्रिगाल' (१९९७) मात्र आरंभापासून शेवटपर्यंत कर्कश आहे. ती जंगलात मुद्रित केली गेली, अशी दंतकथा चाहत्यांत पसरली होती. त्यानंतर १९९८च्या अखेरीस विल्यम ब्लेकच्या 'द मॅरेज ऑफ हेवन अँड हेल' या ग्रंथाच्या संहितेवर बेतलेली दुहेरी ध्वनिमुद्रिका आली. तूरे इल्व्हिसाकर या नव्या सहकाऱ्यामुळे संगणकीय रचना आणि सिंथेसायझर यांनी तेथे मध्यवर्ती जागा घेतली. 'पर्डिशन सिटी' (२०००) मध्ये मेटलची उरलीसुरली खूणही राहिली नाही. तेथे रात्रीचे शहर होते, यंत्रतालांची स्पंदने होती आणि मधूनच सॅक्सोफोन होता. पुढे २०१७ मध्ये 'द असॅसिनेशन ऑफ ज्युलियस सीझर' ही सिंथेसायझरप्रधान पॉप गीतांची ध्वनिमुद्रिका आली. तीही मेटलच्या श्रोत्यांनी आवडीने ऐकली.

या स्वीकाराचे पहिले स्पष्टीकरण असे दिले जाते की हे श्रोते मोकळ्या मनाचे होते. परंतु एक साधी कल्पना करून पाहावी. 'पर्डिशन सिटी' एखाद्या अपरिचित नावाखाली प्रसिद्ध झाली असती, तर मेटलच्या किती श्रोत्यांनी ती हाती घेतली असती? बहुतेकांनी घेतली नसती. म्हणजे त्यांची निष्ठा संगीताशी नसून नावाशी होती, असा निष्कर्ष संशयवादी काढील. त्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. नाव ही एक प्रकारची पत असते. पतीच्या जोरावर उधारी मिळते. ती उधारी फिटली की नाही, हे मात्र मालावरून ठरते. आधीच्या ऐकण्यातून निर्माण झालेल्या विश्वासामुळे श्रोता अनोळखी ध्वनीला दुसरी, तिसरी संधी देतो. संधी देणे म्हणजे निर्णय देणे नव्हे. संस्कृत काव्यशास्त्रातील 'सहृदय' या संकल्पनेशी हे ताडून पाहता येईल. अभिनवगुप्ताच्या विवेचनात सहृदयाचे मन काव्याच्या अभ्यासाने आरशासारखे स्वच्छ झालेले असते, म्हणून ते वर्ण्यविषयाशी तन्मय होऊ शकते. ही सिद्धता पूर्वानुभवातूनच येते. तेव्हा पूर्वानुभवामुळे श्रोता नव्या रचनेपाशी थांबला, एवढ्यावरून त्याचा स्वीकार अप्रामाणिक ठरत नाही.

दुसरे स्पष्टीकरण हेतूविषयी आहे. इंग्लंडमधील हॅलिफॅक्सचा 'पॅराडाइज लॉस्ट' हा बँड येथे तुलनेसाठी घेता येईल. 'गॉथिक' (१९९१) आणि 'ड्रॅकोनियन टाइम्स' (१९९५) यांसारख्या ध्वनिमुद्रिकांनी या बँडने मेटलमध्ये मानाचे स्थान मिळवले होते. 'वन सेकंड' (१९९७) पासून त्याचे वळण बदलू लागले. १९९९ मध्ये ईएमआय या बड्या कंपनीने प्रसिद्ध केलेल्या 'होस्ट'मध्ये गिटार मागे सरली आणि सिंथेसायझर पुढे आला. त्या वेळी अनेक जुने चाहते बिथरले. बाजारासाठी केलेली तडजोड असा या बदलाचा अर्थ लावला गेला. 'उल्व्हर'चे संगीत मात्र रिगच्याच 'जेस्टर' या छोट्या कंपनीतर्फे येत होते आणि ब्लेकची दुर्बोध संहिता हा काही बाजारात खपणारा माल नव्हता. दिशा एक, कालखंड एक, प्रतिसाद मात्र वेगवेगळे. तेव्हा श्रोते ध्वनीचा नव्हे, तर हेतूचा न्याय करीत होते, असे दिसते.

येथे समीक्षेतील एक जुना वाद पुन्हा समोर येतो. कलावंताचा हेतू हा कलाकृतीच्या मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही, हे विमसॅट आणि बिअर्ड्सली यांनी १९४६ मध्येच मांडले होते. हेतू ऐकू येत नाही, ऐकू येतो तो ध्वनी. 'होस्ट'चेच पुढे काय झाले हे पाहिले, तर या मताला दुजोरा मिळतो. काळ लोटला, कंपनीचे नाव आणि तडजोडीची शंका विरून गेली. २०१८ मध्ये ती ध्वनिमुद्रिका नव्याने संस्कारित होऊन आली. २०२३ मध्ये बँडमधील निक होम्स आणि ग्रेग मॅकिंटॉश यांनी 'होस्ट' याच नावाने एक स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक उपक्रम सुरू केला. तडजोडीसाठी स्वीकारलेली वाट कोणी चोवीस वर्षांनी आपण होऊन पुन्हा धरीत नाही. म्हणजे १९९९ मध्ये हेतूविषयी बांधलेला अंदाजच बहुधा चुकीचा होता. हेतूवर उभारलेला नकार जसा डळमळीत असतो, तसा हेतूवर उभारलेला स्वीकारही डळमळीत असतो. बँड बाजाराला शरण गेला नाही म्हणून त्याचे संगीत चांगले, हे विधान कलावंताच्या चारित्र्याविषयी काही सांगेल, त्याच्या रचनेविषयी काहीच सांगणार नाही.

तिसरी बाब शुद्धतेची. इलेक्ट्रॉनिक संगीत हे मेटलच्या बाहेरून आलेले परके द्रव्य होते, असे गृहीत धरूनच स्वीकार आणि नकार यांची चर्चा होते. इतिहास या गृहीतकाला आधार देत नाही. नॉर्वेच्या ब्लॅक मेटलची पायाभरणी करणाऱ्या 'मेहेम'च्या 'डेथक्रश' (१९८७) या ध्वनिमुद्रिकेची सुरुवातच जर्मन इलेक्ट्रॉनिक संगीतकार कॉनराड श्निट्झलर याच्या रचनेने होते. 'डार्कथ्रोन'चा ड्रमवादक फेनरिझ याने १९९४ मध्ये 'नेप्च्यून टॉवर्स' या नावाने निव्वळ सिंथेसायझरची ध्वनिमुद्रिका काढली. स्वतः 'डार्कथ्रोन' हा बँड १९९१ मध्ये डेथ मेटल वाजवीत होता आणि १९९२ मध्ये तो ब्लॅक मेटलकडे वळला. शुद्धतेचा मानदंड समजला जाणारा हा बँडच एका रूपांतरातून जन्माला आला होता. आणि ज्या ब्लेकवरील ध्वनिमुद्रिकेने 'उल्व्हर'चे मेटलपासूनचे अंतर जाहीर केले, तिच्या अखेरच्या भागात फेनरिझ, तसेच 'एम्परर'चे इसान आणि सामोथ यांचे आवाज आहेत. तेव्हा शुद्ध परंपरा ही मागे वळून पाहताना तयार केलेली गोष्ट असते, असे म्हणावे लागते.

एवढे मान्य केले तरी नकार देणाऱ्या श्रोत्याची बाजू संपत नाही. तिचा सर्वांत गंभीर आधार वेगळाच आहे. १९९९च्या 'मेटॅमॉर्फोसिस' या छोट्या ध्वनिमुद्रिकेसोबतच्या निवेदनात 'उल्व्हर'ने आपण ब्लॅक मेटलचा बँड नसल्याचे जाहीर केले आणि आधीच्या रचना निष्कर्ष नसून पायऱ्या होत्या, अशा अर्थाचा खुलासा केला. कलावंताच्या दृष्टीने हे विधान प्रामाणिक आहे. पण 'बेर्गतात' हेच ज्याचे घर होते, त्या श्रोत्याला ते घर नव्हतेच, जिना होता, असे मागाहून सांगितले जाते. दुखावते ते हे. कलावंताने श्रोत्याला वचन दिले नव्हते हे खरे. तथापि श्रोत्याच्या भूतकाळाचे नाव बदलण्याचा अधिकारही त्याला कोणी दिलेला नव्हता. कलाकृतीची स्वायत्तता येथे श्रोत्याच्या मदतीला येते. 'बेर्गतात' पायरी होती की मुक्काम, हे ठरवण्याचा अंतिम अधिकार तिच्या कर्त्याला नाही. ती आजही जशीच्या तशी आहे, आणि तिच्यात राहू इच्छिणारा श्रोता कोणाचाही विश्वासघात करीत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. बदल स्वीकारणाऱ्या श्रोत्याची निष्ठा तीन गोष्टींशी असू शकते : रूपबंधाशी, नावाशी किंवा त्या रूपबंधातून लाभलेल्या अनुभवाशी. पहिली निष्ठा बदलानंतर टिकूच शकत नाही. दुसरी टिकते, पण ती कोणत्याही बदलानंतर टिकेल, म्हणून तिच्या टिकण्याला अर्थ नाही. बँड जे काही करील ते उत्तमच, असे म्हणणाऱ्याने काहीच स्वीकारलेले नसते. त्याने निवड करण्याचे काम दुसऱ्यावर सोपवलेले असते. उरते ती तिसरी. 'नात्तेन्स मद्रिगाल'मधील अरण्याचे भय आणि 'पर्डिशन सिटी'मधील निर्जन शहराचे भय यांत ज्या श्रोत्याला काही नाते जाणवले, त्याने जुने सोडलेले नसते आणि नवे डोळे झाकून घेतलेलेही नसते. हे नाते खरोखर आहे की नाही, हे प्रत्येक रचनेपाशी नव्याने तपासावे लागते, आणि एखाद्या रचनेपाशी ते न सापडण्याची शक्यता मोकळी ठेवावी लागते. नकार शक्य असतानाच स्वीकाराला नैतिक वजन येते.

या दृष्टीने पाहिले असता स्वीकारणारा आणि नाकारणारा हे परस्परांचे विरोधक राहत नाहीत. 'बेर्गतात'मध्ये काहीतरी मोलाचे होते, हे दोघांनाही मान्य असते. ते मोलाचे काही आता कोठे आहे, एवढ्याबद्दलच त्यांचा मतभेद असतो. खरा दुरावा या दोघांपासून सारख्याच अंतरावर असलेल्या तिसऱ्या श्रोत्याशी आहे. त्याला काही गमावल्याचे जाणवलेच नाही. एक ध्वनी संपला आणि दुसरा सुरू झाला, दोन्ही त्याला सारखेच आवडले. अशा औदार्याची किंमत कोणीच चुकती केलेली नसते, म्हणून ते निष्ठेच्या प्रश्नाला स्पर्शही करीत नाही.